हिरव्या ठिपक्यावर किती विश्वास ठेवावा? : विजेच्या गाडीचा लांबचा प्रवास आणि सार्वजनिक चार्जिंग

आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला दोघातिघांनी विचारलं, की जन्मभर तर्कशास्त्र आणि प्रमाणशास्त्र शिकवलेल्या माणसाने चार्जिंग स्टेशनवर काय बोलायचं? हे काम इंजिनिअरचं. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. यंत्राची दुरुस्ती आम्हाला येत नाही. पण विजेची गाडी घेऊन लांब निघालेल्या माणसाचा प्रश्न निव्वळ यंत्राचा नसतोच मुळी. त्याचा प्रश्न असा असतो : "पुढे चालू चार्जर आहे असं मला सांगितलं गेलंय. त्या सांगण्यावर विसंबून मी निघू का?" हा प्रश्न शब्दावरच्या विश्वासाचा आहे, आणि त्यावर आपल्याकडे फार बारकाईने विचार झालेला आहे. तेवढ्या हक्काने आज बोलतो.

आधी प्रश्न नीट मांडू. शहरातल्या शहरात गाडी चालवणाऱ्याला हा प्रश्न फारसा पडत नाही. रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी चार्जिंगला लावली, सकाळी भरलेली मिळाली. रोजचं तीस-चाळीस किलोमीटर येणं-जाणं त्यात सहज होतं. परीक्षा सुरू होते ती पुण्याहून कोल्हापूरमार्गे गोव्याला निघालात की. साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर. आजच्या मध्यम किमतीच्या बहुतेक गाड्यांना वाटेत एकदा, बऱ्याचदा दोनदा, चार्जिंगसाठी थांबावं लागतं. आणि तिथे चार्जर दुसऱ्याचा, वीज तिसऱ्याची, ॲप चौथ्याचं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार देशात १२,१४६ सार्वजनिक चार्जिंग स्टेशनं कार्यरत होती. त्यांतली ३,०७९ महाराष्ट्रात, म्हणजे तेव्हा सर्व राज्यांत जास्त. आनंदाची गोष्ट आहे. पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याचं लक्ष आकड्याआधी शब्दावर जातं. "कार्यरत" म्हणजे काय? वीजजोडणी दिली म्हणजे कार्यरत? पडदा उजळलेला दिसतो म्हणजे कार्यरत? की कुणीतरी गाडी लावली आणि बॅटरीत वीज गेली म्हणजे कार्यरत? प्रवाशाला फक्त तिसरा अर्थ उपयोगाचा आहे. पहिल्या दोन अर्थांनी गाडी हलत नाही.

जाऊन, लावून पाहिलं तेव्हा

हा फरक केवढा मोठा असू शकतो हे कॅलिफोर्नियात एकदा मोजून पाहिलं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवती नऊ काउंट्या, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हे, आहेत. अमेरिकेत विजेच्या गाड्या जिथे सर्वांत आधी रुळल्या त्यांपैकी हा प्रदेश. २०२२ मध्ये डेव्हिड रेम्पेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथले सार्वजनिक जलद चार्जर तपासले. टेस्लाचे सोडून, सीसीएस पद्धतीचे ६५७. पद्धत अगदी साधी : प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष जायचं, गन लावायची, पैसे भरायचे आणि दोन मिनिटं चार्जिंग होतं का बघायचं. झालं तर चालू, नाही झालं तर बंद.

निकाल काय आला? ७२.५ टक्के चालू. २२.७ टक्के बंद; कुठे पडदा मेलेला, कुठे पैसे घेतले जाईनात, कुठे चार्जिंग सुरूच होईना, कुठे नेटवर्क नाही, कुठे कनेक्टर तुटलेला. उरलेल्या ४.९ टक्के ठिकाणी गंमत अशी, की केबलच गाडीपर्यंत पोचत नव्हती! आणि चार्जर चालवणाऱ्या कंपन्यांचा दावा काय होता? ९५ ते ९८ टक्के वेळ आमची यंत्रं चालू असतात.

आता कंपन्या सरळ खोटं बोलत होत्या, असं म्हणून मोकळं होता येईल. पण तसं म्हटलं की विचार तिथेच थांबतो. आम्हाला वाटतं दोघांचेही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते. कंपनी यंत्र मोजत होती. रेम्पेल यांची माणसं प्रवाशाचा अनुभव मोजत होती.

सात कड्यांची साखळी

हे नीट समजायचं तर एका चार्जिंगमध्ये किती गोष्टी लागोपाठ जमून याव्या लागतात ते पाहू. एक, ट्रान्सफॉर्मरपासून यंत्रापर्यंत योग्य दाबाची वीज आली पाहिजे. दोन, यंत्राच्या आतले वीज बदलणारे भाग आणि त्यांना थंड ठेवणारे पंखे धड पाहिजेत. आपल्याकडे धूळ आणि पावसाळी दमट हवा दोन्ही त्यांच्या मुळावर असतात. तीन, गन आणि केबल शाबूत पाहिजे. गन जड असते, लोक ती आपटतात, खिट्टी मोडते. चार, गाडी आणि चार्जर यांचं आपसांत बोलणं जमलं पाहिजे. किती व्होल्ट, किती अँपिअर, बॅटरीचं तापमान काय, हे ठरल्याशिवाय जलद चार्जर वीज सोडत नाही. पाच, चार्जरमधल्या सिमकार्डाला रेंज पाहिजे आणि कंपनीचा सर्व्हर जागा पाहिजे. सहा, पैसे गेले पाहिजेत. ॲप, वॉलेट, ओटीपी, जे काय असेल ते. आणि सात, जागा मोकळी पाहिजे. चार्जरसमोर कुणी डिझेलची गाडी लावून जेवायला गेलेलं नसावं, आणि रात्री आवाराच्या फाटकाला कुलूप नसावं.

समजा यातली प्रत्येक कडी ९७ टक्के भरवशाची आहे. पेपरात कुणाला ९७ मिळाले तर आपण पेढे वाटतो. पण साखळीत गुणाकार होतो. ९७ टक्के सात वेळा गुणले की उरतात जेमतेम ८१ टक्के. म्हणजे प्रत्येक जण आपापल्या कामात उत्तम, आणि तरीही पाचातला एक प्रवासी गन हातात घेऊन उभा! वीज कंपनी म्हणेल आमची वीज होती, चार्जरवाला म्हणेल यंत्र ऑनलाइन होतं, पैशांचं ॲप म्हणेल आमच्याकडून व्यवहार पूर्ण झाला. सगळे खरं सांगताहेत आणि गाडी जागच्या जागी.

अमेरिकेत टेस्लाच्या सुपरचार्जरबद्दल लोक समाधानी का असतात, याचं उत्तरही इथेच आहे. गाडी, चार्जर, ॲप आणि बिल सुरुवातीपासून एकाच घरचं. टेस्लाच्या मालकाला तिथे पैसे भरण्याची वेगळी पायरीच नव्हती. गन लावली की गाडी ओळखली जाते. साखळीत कड्या कमी आणि बिघडलं तर बोट दाखवायला दुसरं कुणी नाही. २०२३ मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी आपल्या गाड्यांसाठी तोच कनेक्टर स्वीकारायचं जाहीर केलं, त्यामागे या जाळ्यात शिरण्याचं मोठंच आकर्षण होतं.

'चालू'ची व्याख्या कोण करतो?

अमेरिकी सरकारने २०२१ च्या कायद्याने महामार्गांवरच्या चार्जिंगसाठी पाच अब्ज डॉलर ठेवले, आणि २०२३ मध्ये नियम केला की या पैशांतून उभारलेला प्रत्येक पॉइंट वर्षात ९७ टक्क्यांहून अधिक वेळ चालू पाहिजे. कडक वाटतं ना? हिशेब करू. वर्षाचे तास ८,७६०. त्यांचे तीन टक्के २६३ तास, म्हणजे जवळजवळ अकरा दिवस. बरं, त्यातही वीजपुरवठा खंडित झाला, मोडतोड झाली, नैसर्गिक आपत्ती आली, ठरवून देखभालीसाठी बंद ठेवलं, तर तो काळ हिशेबात धरायचा नाही.

चार्जरवाल्याच्या बाजूने बघितलं तर हे न्याय्य आहे. वीज गेली हा त्याचा दोष कसा? पण प्रवाशाच्या बाजूने बघा. वीज गेल्यामुळे न झालेलं चार्जिंग आणि यंत्र बिघडल्यामुळे न झालेलं चार्जिंग, यांत त्याला काय फरक? दोष कुणाचा आणि भरवसा किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नियम पहिल्याचं उत्तर देतो आणि आपल्याला वाटतं की दुसऱ्याचं मिळालं.

ब्रिटनने २०२३ मध्ये केलेले नियम एक पाऊल पुढे जातात. ५० किलोवॅट आणि त्यावरच्या जलद चार्जरचं जाळं वर्षभराच्या सरासरीने ९९ टक्के भरवशाचं पाहिजे, चोवीस तास मदतीचा फोन पाहिजे, साध्या बँक कार्डाने पैसे देता आले पाहिजेत आणि चार्जरची माहिती सर्वांना खुली पाहिजे. आमच्या मते यातलं ९९ पेक्षा कार्ड आणि खुली माहिती जास्त मोलाची, कारण साखळीतली एक कडी त्याने सोपी होते आणि खोटं पकडता येतं.

आपल्याकडे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अंतराचा हिशेब होता : शहरात तीन किलोमीटर बाय तीन किलोमीटरच्या चौकटीत एक, महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक. सुरुवातीला अंतर मोजणं योग्यच. पण अंतर मोजून झालं की शब्द मोजायला हवा.

ठिपका आप्त आहे का?

आता आमच्या विषयाकडे येतो. ॲपवरचा तो हिरवा ठिपका म्हणजे काय? चार्जर आपल्या कंपनीच्या सर्व्हरला ठरावीक काळाने निरोप पाठवतो : मी जागा आहे, मोकळा आहे. त्या निरोपावरून ठिपका हिरवा होतो. शेवटची गाडी नीट चार्ज झाली की नाही, गन मोडलीय का, फाटक उघडं आहे का, हे त्या निरोपात असेलच असं नाही. ठिपका एवढंच सांगतो, की यंत्राचं स्वतःबद्दलचं मत चांगलं आहे!

न्यायदर्शनात याला शब्दप्रमाणाचा प्रश्न म्हणतात. दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारं ज्ञान केव्हा खरं मानायचं? तर सांगणारा आप्त असेल तेव्हा. आणि आप्त कोण? वात्स्यायनांच्या भाष्यातला आशय असा, की ज्याने ती गोष्ट स्वतः प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. यात कुळाची, पदवीची अट नाही. ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण तेच, असं भाष्यकार स्पष्ट म्हणतात.

एक प्रसंग सांगतो. मागच्या वर्षी आम्ही मुलगी-जावयांबरोबर सावंतवाडीला निघालो होतो. कराडच्या पुढे महामार्गालगत एका हॉटेलच्या आवारात चार्जर होता. ॲपवर हिरवा. पडदा उजळलेला. जावयांनी गन लावली, पैसे भरले, पडद्यावर चक्र फिरत राहिलं आणि शेवटी "पुन्हा प्रयत्न करा". तीनदा प्रयत्न झाले. कंपनीला फोन लावला तर पलीकडून उत्तर, "सर, आमच्याकडे ऑनलाइन दिसतंय." एवढ्यात टेबलं पुसणारा मुलगा बाहेर आला नि म्हणाला, "आजोबा, ते बंदंय. दोन महिने झाले. रोज कुणी ना कुणी येतंय, लावून बघतंय आन् जातंय."

बघा, आप्त कोण ठरला? ज्याच्याकडे सर्व्हर होता तो नाही; ज्याने रोज डोळ्यांनी पाहिलं तो. त्या मुलाचं एक वाक्य ठिपक्यापेक्षा वरचढ प्रमाण होतं. दुर्दैव एवढंच, की ते वाक्य त्या आवारात गेल्याशिवाय ऐकायला मिळत नव्हतं. बॅटरी बावीस टक्के होती, पुढचा चार्जर अठरा किलोमीटरवर होता आणि तो चालला. म्हणून ही गोष्ट हसत सांगता येते. हीच वेळ रात्री अकराला, एकट्या बाईवर, सहा टक्के बॅटरीत आली असती तर? किंवा विजेची टॅक्सी चालवणाऱ्यावर, मागे विमान गाठायचं असलेलं गिऱ्हाईक बसलेलं असताना? त्याचं त्या दिवसाचं भाडं तर गेलंच, वर गिऱ्हाइकाने पुढच्या वेळी डिझेलची गाडी मागवली.

म्हणून आज आम्हाला जे मुख्य सांगायचं आहे ते हे : खोटा हिरवा ठिपका हा चार्जर नसण्यापेक्षा वाईट असतो. चार्जर नाही हे माहीत असेल तर आपण आधीच्या ठिकाणी जास्त भरून घेतो, वाट बदलतो, निघतच नाही. खोटा ठिपका मात्र आपल्याला आणखी पन्नास किलोमीटर पुढे नेऊन सोडतो. अज्ञान माणसाला थांबवतं. चुकीचं ज्ञान चालायला लावतं.

ज्ञान खरं आहे हे कळतं कसं, यावरही जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान मुळात स्वतःच प्रमाण असतं. बाधा येईपर्यंत ते खरंच धरून चालावं. नैयायिक म्हणतात, नाही, कृती करून फळ मिळालं की मगच खरेपणा ठरतो. लांबून पाणी दिसलं, गेलो, प्यालो, तहान भागली, म्हणजे ते पाणी होतं, मृगजळ नव्हतं. आता गंमत पाहा. पेट्रोल भरणारे आपण सगळे मीमांसक असतो. पंपाचा फलक दिसला की पेट्रोल आहेच असं धरून चालतो, आणि शंभर वर्षांच्या सवयीने ते बहुधा खरंही असतं. विजेची गाडी घेतली की त्याच माणसाला नैयायिक व्हावं लागतं : वीज बॅटरीत शिरेपर्यंत काही खरं नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तसं. चार्जिंगचं जाळं परिपक्व झालं असं केव्हा म्हणायचं? प्रवासी पुन्हा निर्धास्तपणे मीमांसक होऊ शकेल तेव्हा.

चार घागरी, एक दोर

एक उपाय नेहमी सुचवला जातो : एका जागी एकच चार्जर ठेवू नका, चार ठेवा. गणित आकर्षक आहे. कॅलिफोर्नियातला ७२.५ टक्के हा आकडा घेऊ. वाटेत दोन थांबे आणि प्रत्येक थांब्यावर एकच चार्जर, तर दोन्ही मिळण्याची शक्यता जेमतेम ५३ टक्के; जाऊन-येऊन चार थांबे धरले तर २८. पण प्रत्येक थांब्यावर चार चार्जर असतील, तर चारातला एक तरी चालू मिळण्याची शक्यता ९९ टक्क्यांच्या वर जाते.

मात्र या गणितात एक अट लपलेली आहे : चारही चार्जर एकमेकांपासून स्वतंत्रपणे बिघडले पाहिजेत. प्रत्यक्षात चौघांना ट्रान्सफॉर्मर एक, कंपनी एक, ॲप एक, बऱ्याचदा इंटरनेटची जोडणीही एक. विहिरीत सोडलेल्या चार घागरी एकाच दोराला बांधल्यासारखं. एक घागर फुटली तर बाकीच्या तीन आहेत. दोर तुटला तर चारही तळाला. तेव्हा एका आवारात चार गन असणं चांगलंच, पण दहा-पंधरा किलोमीटरच्या आत वेगळ्या कंपनीचं दुसरं स्टेशन असणं ही खरी सुरक्षितता.

मग बिघडलेलं दुरुस्त लवकर का होत नाही? पेट्रोल पंपावर माणूस उभा असतो. नळी फुटली तर धंदा त्याच क्षणी बुडतो आणि मालकाला कळतं. चार्जरजवळ बहुधा कुणी नसतं. अजून गाड्या थोड्या, म्हणून उत्पन्न थोडं. दुरुस्तीला माणूस पाठवायचा खर्च कधी कधी महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त. त्यात मदतीचा भर उभारणीवर. मार्च २०२३ मध्ये केंद्राने तेल कंपन्यांच्या पंपांवर ७,४३२ जलद चार्जर स्टेशनं उभी करायला ८०० कोटी रुपये मंजूर केले. उभारणीला मदत हवीच. पण लग्नाला पैसे दिले म्हणून संसार चालत नाही. अनुदानाचा काही भाग तरी झालेल्या यशस्वी चार्जिंगच्या हिशेबाने दिला, तर बंद यंत्राची काळजी आपोआप कुणाला तरी वाटेल.

तोवर आपण काय करायचं?

तोवर नैयायिकासारखं निघायचं. शक्यतो वीस-पंचवीस टक्के बॅटरी उरलेली असतानाच थांब्यावर पोचावं, म्हणजे तो बंद निघाला तरी पुढचा गाठता येतो. "या स्टेशनपर्यंत पोचेन का" एवढंच विचारू नये. "हे बंद असेल तर त्यापुढच्यापर्यंत पोचेन का" असं विचारावं. ठिपक्याचा रंग न बघता शेवटचं चार्जिंग कधी झालं आणि लोकांनी काय लिहिलंय ते बघावं. हॉटेल किंवा पंप असेल तर तिथल्या माणसाला सरळ फोन करून विचारावं. तो आप्त आहे. दोन-तीन कंपन्यांची ॲपं घरून निघतानाच उघडून, वॉलेटमध्ये पैसे टाकून ठेवावेत, घाटात ओटीपीची वाट बघत बसू नये. सावंतवाडीहून आंबोली चढताना बॅटरी सपाटीपेक्षा भराभर उतरते. उतरताना थोडी परत मिळते, पण तिचा भरवसा आधी धरू नये. ऐंशी टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं, म्हणून सहसा तिथेच थांबून निघावं. पुढचा टप्पा संशयाचा असेल तरच जास्त भरावं. आणि १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटची केबल डिकीत असू द्यावी. तिने तासाला सव्वातीन-साडेतीन युनिट मिळतात. चाळीस युनिटची बॅटरी पूर्ण भरायला बारा तास लागतात. पण मुक्कामी कामाला येते.

हे सगळं सांगताना आम्हाला थोडा संकोचही वाटतो. हा शहाणपणा प्रवाशाने शिकावा लागणं, हाच जाळ्याचा दोष आहे. ज्याला तीन ॲपं चालवता येतात, ज्याच्याजवळ वेळ आणि पैसा आहे, तोच सुखरूप पोचणार असेल, तर त्या जाळ्याला सार्वजनिक कसं म्हणायचं?

म्हणून नागरिक म्हणून आपण एकच साधी मागणी लावून धरली पाहिजे. प्रत्येक सार्वजनिक चार्जरपुढे दोन गोष्टी सर्वांना दिसाव्यात : शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं, आणि गेल्या महिन्यात ज्यांनी गन लावली त्यांतल्या किती जणांना वीज मिळाली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय प्रयोगशाळांनी २०२३ मध्ये याच दिशेने, म्हणजे यंत्र जागं होतं का याऐवजी ग्राहकाचं काम झालं का, हे मोजण्याच्या पद्धतीवर काम सुरू केलं. यासाठी नवं यंत्र लागत नाही. झालेल्या चार्जिंगची नोंद कंपनीकडे बिलासाठी असतेच. ती फक्त उघड करायची आहे. ज्या दिवशी ठिपका "मी जागा आहे" याऐवजी "चाळीस मिनिटांपूर्वी माझ्याकडून एक गाडी भरून गेली" असं सांगेल, त्या दिवशी तो आप्त होईल, आणि त्याच्या शब्दावर घराबाहेर पडायला हरकत उरणार नाही.

आता प्रश्न विचारा.